आईचा फोटो छापून आला, तिचं म्हणणं आलं नाही. अशा वेळी आपण लिहायचं कसं?

खरडछाटणी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मी निफाड तालुक्यातली. लग्नानंतर नाशिकच्या सिडकोत राहते, अंबडला एका टूलरूममध्ये हिशेब बघते. माहेरी अडीच एकर थॉमसन द्राक्षांची बाग. मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं आणि गारांनी झोडपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले. नुकसान ३३ टक्क्यांच्या पुढे गेलं तरच मदत, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. कृषी सहायकाने एका ओळीतले दोन-चार घड उलटसुलट करून पाहिले, फुटके मणी बघितले आणि पंचवीस टक्के लिहायला घेतलं. आईने कात्रीने एक घड उतरवून त्याच्या हातात ठेवला. "साहेब, ह्यातले पाच मणी फुटलेत. उद्या ह्यांचा रस खालच्या मण्यांवर उतरणार, परवा घड सडणार. व्यापारी काय पाच मणी काढून उरलेला घड घेतो का? मग मणी कशाला मोजता, घड मोजा." तो म्हणाला, काकू, असं नसतं. आई म्हणाली, कसं असतं ते मग लिहून द्या. तिघे जरा बाजूला जाऊन बोलले आणि परत येऊन घड मोजले. आकडा साठच्या पुढे गेला.

दुपारी शहरातून एका पेपरचे दोघे आले. आईने पाहुणे म्हणून तोंड धुतलं, साडी बदलली, चहा टाकला. फोटोवाला म्हणाला, काकू, ती मघाची साडी होती ना दोरीवर, तीच नेसता का? मग तिला बागेत मातीवर बसवलं, हातात तुटका घड दिला. आई कॅमेऱ्याकडे बघायला लागली तर तो म्हणाला, इकडे नको. "मग कुठं बघू?" "खाली बघा." सकाळचा सगळा किस्सा तिने त्यांना तिखटमीठ लावून सांगितला होता. माझ्यासमोर. दुसऱ्याने वहीत काहीतरी लिहिलंही. छापून आला तो फक्त फोटो, चार कॉलमी, खाली 'हतबल' वगैरे. आईने पेपर बघितला, घडी घातली आणि म्हणाली, "ह्यात मी कुठंय?"

आता प्रश्न. आमचा एक छोटा वाचनगट आहे, रविवारी एका मैत्रिणीच्या गच्चीवर बसतो. फुले, आंबेडकर, ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ फ्रेरे, वसाहतवादाविरुद्ध लिहिणारा फॅनन असं जमेल तसं वाचतोय. वाचताना सगळं पटतं. पण त्या फोटोवर मी पेपरला पत्र लिहायला बसले, तर कागदावर 'भांडवली माध्यमव्यवस्थेने शेतकरी स्त्रीच्या वेदनेचे वस्तूकरण केले आहे' असं आलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान लिहिलंयस. कोणाबद्दलंय?"

तर, ज्यांनी दडपलेल्या माणसांबद्दल लिहिलंय त्यांच्याकडून लिहायचं कसं हे शिकता येतं का? की ते फक्त विचार करायला? आणि बातमीवर टीका करायची तर धरायचं कुठे, फोटोत खोटं तर काहीच नव्हतं. बाग गेलेलीच आहे.

माजी_तालुका_प्रतिनिधी

ताई, बरीच वर्षं मी एका दैनिकाचा तालुक्याचा बातमीदार होतो. नाव कशाला, सगळीकडे तेच चालतं. तुम्ही म्हणताय तसला फोटो का येतो ते आतून सांगतो.

तालुक्याच्या बातमीदाराला पगार नसतो. मानधन मिळतं, त्यात मोटारसायकलचं पेट्रोल निघालं तरी नशीब. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. नेत्याचा वाढदिवस, दिवाळी, पंधरा ऑगस्ट, सोसायटीची निवडणूक जिंकली, बँकेची वार्षिक सभा. पुरवणी काढायची तर ज्यांच्याबद्दल बातमी लिहायची त्यांच्याच ओट्यावर जाऊन पान मागायचं. मग मला सांगा, ज्या पतसंस्थेने पानभर जाहिरात दिली तिच्या वसुलीबद्दल मी काय लिहिणार? अमेरिकेत हर्मन आणि चॉम्स्की या दोन अभ्यासकांनी १९८८ साली दाखवलं होतं की बातमी पाच गाळण्यांतून गाळून वाचकापर्यंत येते: मालकी, जाहिरात, सरकारी सूत्रं, वरून येणारा दट्ट्या आणि कम्युनिझमचा बागुलबुवा. तालुक्याला दोनच पुरतात, जाहिरात आणि व्हॉट्सअॅपवर आलेली प्रेसनोट.

पण गारपिटीचा फोटो कुणाच्या आड येत नाही. गार काही जाहिरात देत नाही. म्हणून तिथे डेस्क, म्हणजे बातम्या निवडून मथळे देणारे, दिलदार होतं, चार कॉलम देतं. दुःख जितकं आभाळातून आलेलं, तितकी जागा मोठी. तेच दुःख माणसाने केलेलं असेल तर सिंगल कॉलम. तुमच्या आईने सकाळी जे केलं त्याच्यात एक सरकारी माणूस आला, एक टक्केवारी आली आणि ती कशी ठरते हे आलं. त्या बातमीला कृषी कार्यालयाची बाजू घ्यावी लागली असती, फोन करावे लागले असते. फोटोला काही लागत नाही.

कांद्याचं उदाहरण घ्या. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली. लासलगावला लिलाव बंद पडले, लोक रस्त्यावर आले. मी बातमी पाठवली ती लिलाव बंद पडल्याची. शहराच्या आवृत्तीत ती आली 'कांदा आता आवाक्यात' अशा थाटात. एकच घटना, पण मथळा लिहिणारा मंडईत पिशवी घेऊन उभा होता आणि मी बाजार समितीच्या ओट्यावर. ती बंदी ४ मे २०२४ पर्यंत चालली, आणि उठली तेव्हाही ४० टक्के निर्यातशुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान दर लावूनच. एवढ्या काळात शेतकऱ्याचं क्विंटलमागे किती गेलं याचा हिशेब मला तरी एका चौकटीत कुठे दिसला नाही. रडके फोटो रग्गड.

तेव्हा फोटो खोटा होता का, यात शिरू नका. त्याने काय करायला लावलं नाही, तिथून धरा.

जेलरोडच्या_बाई

बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

मी निवृत्त शिक्षिका. तुमच्या गच्चीवरच्या यादीत दोन बायका घाला. त्यांना विचारवंत म्हणून कुणी वाचत नाही, एक नुसती 'पहिली दलित लेखिका' आणि दुसरी 'पहिली स्त्रीवादी' म्हणून परीक्षेच्या गाइडात असते.

पहिली मुक्ता साळवे. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. आता बघ, तिच्याकडे दुःख सांगायला काय कमी होतं? पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्याचं डोकं उडवून त्याचा चेंडू करत, हे ती सांगते. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसतं हेही सांगते. पण निबंध त्यावर थांबत नाही. ती वाद घालते. वेद जर ब्राह्मणांचेच, आम्हाला बघायचीही बंदी, तर आम्ही ग्रंथ नसलेले लोक; म्हणजे आम्हाला धर्मच नाही; मग देवा, आमचा धर्म कोणता ते तरी कळव. चौदा वर्षांच्या पोरीने समोरच्याचं म्हणणं उचललं, शेवटपर्यंत नेलं आणि त्याच्याच दारात आणून ठेवलं. तुझ्या आईने घड मोजायला लावले ते याच जातकुळीचं.

दुसरी ताराबाई शिंदे, बुलढाण्याची, १८८२. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने 'पुणेवैभव' पत्राने समस्त बायकांवर तोंडसुख घेतलं. ताराबाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे सगळं पुस्तक म्हणजे त्या वर्तमानपत्राला दिलेलं उत्तर. बायकांवर जो जो दोष ठेवला तो तो घेऊन त्या पुरुषाच्या अंगाला लावून बघतात, बसतो का ते. आपल्याकडे माध्यमांवरची टीका बाहेरून शिकावी लागते असं ज्याला वाटतं त्याने ते आधी वाचावं. भाषा तर अशी, की समोरचा पेपरवाला पुन्हा लेखणी उचलताना दहादा विचार करील.

आणि बाबासाहेब. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला. त्याची पैसे देऊन जाहिरात छापायलासुद्धा 'केसरी'ने नकार दिला होता. पहिल्याच अग्रलेखात त्यांनी लिहिलं की मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचं हित बघणारी आहेत, इतरांची त्यांना पर्वा नसते. पुढे १९४३ च्या पुण्यातल्या रानडे व्याख्यानात तर त्यांनी म्हटलं की वृत्तपत्र हा एकेकाळचा पेशा आता धंदा झालाय, साबण तयार करण्यापेक्षा त्यात जास्त नीती उरलेली नाही, आणि हे लोक आपापल्या नायकांचे ढोल बडवतात. आजचा टीव्ही त्यांनी बघितला नाही हे बरंच झालं.

आपल्या नाशिकचंच घे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह, २ मार्च १९३०. अजूनही लोकांना वाटतं, बिचाऱ्यांना देवदर्शन हवं होतं, दार बंद होतं. चित्रही तसंच काढतात, दाराबाहेर हात जोडलेली माणसं. १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी हे सुरू केलं नव्हतं. त्यांच्यात जोर यावा, आपण कुठे आहोत याची जाणीव व्हावी, त्यासाठी हा मार्ग उत्तम वाटला. हात जोडलेले आणि हिशेब मागणारे, यात चित्रकाराने कोणते काढले ते बघ.

गंगापूररोडवाला

सगळ्यांचा मान राखून थोडं उलटं बोलतो. रागवू नका.

एक, पेपर वाचतो कोण? माझ्या ऑफिसात कुणीच नाही. ज्याच्या हातात फोन त्याचं चॅनल. ताईंनी सकाळीच आईचा व्हिडिओ काढून टाकला असता तर विषय संपला होता. गारपीट झाली की यूट्यूबवाले पेपरच्या आधी बागेत असतात.

दोन, ते 'दडपलेले' वगैरे लिहिणारे बहुतेक एकमेकांसाठी लिहितात. जयंती आली की पोस्टर, पुण्यतिथी आली की परिसंवाद. बाकी वर्षभर गच्चीवर.

तीन, आणि हे महत्त्वाचं. रडक्या फोटोमुळेच मंत्री येतो, रडक्या फोटोमुळेच पॅकेज जाहीर होतं. 'काकूंनी कृषी सहायकाला घड मोजायला लावले' या बातमीवर किती रुपये मिळाले असते? तुम्हाला न्याय पाहिजे की मदत, ते आधी ठरवा. हिशेब कंटाळवाणा असतो हो. मी स्वतः सीए फर्ममध्ये आहे म्हणून सांगतो.

खरडछाटणी

बाई, साष्टांग. ताराबाईंचं पुस्तक सावानात (सार्वजनिक वाचनालयात) आहे का ते शनिवारी बघते.

गंगापूररोडवाले दादा, तिसरा मुद्दा झोंबला, कारण त्यात तथ्य आहे. मदतीचंच बोलू. केंद्राच्या आपत्ती निकषांत २०२२ पासून फळबागेला हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकराला नऊ हजारांच्या आसपास. फळासाठीच्या गोडी छाटणीपासून गारांपर्यंत औषधं, डिपिंग, विरळणी, मजुरी धरून एकरी खर्च लाखांत गेलेला असतो. राज्य सरकार कधी वर भर घालतं, कधी नाही, ते निवडणूक किती जवळ आहे त्यावर. आता रडक्या फोटोने फार तर हे नऊ हजार लवकर मिळतात. पण ते मिळणार की नाही हे ठरलं सकाळी, बागेत, पंचवीस लिहायचे की साठ यावर. आमच्या शेजारच्या बागेत तेव्हा घरी कुणी नव्हतं. त्यांच्या पंचनाम्यात तीस आलेत. शून्य मदत, फोटोही नाही.

म्हणून 'न्याय की मदत' अशी वाटणी मला जमत नाही. आईचा वाद हाच मदतीचा वाद होता. पेपरने तो छापला असता तर शेजारच्या काकांनी दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन घड मोजायला लावले असते, एवढं साधं आहे.

व्हिडिओचं म्हणाल तर यूट्यूबवालाही आला होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ताई, काय भावना आहेत?" फोन हातात आला म्हणून प्रश्न बदलत नाही. गटात आम्ही फॅननचं रेडिओवरचं प्रकरण वाचलं, १९५९ सालचं आहे. अल्जीरियातली माणसं फ्रेंचांचा रेडिओ घरात घ्यायलाही तयार नव्हती. १९५६ च्या शेवटी लढणाऱ्यांचं स्वतःचं प्रक्षेपण सुरू झालं आणि तेच लोक रेडिओ घ्यायला धावले. फ्रेंचांनी लहरी अडवल्या, नुसती खरखर ऐकू यायची, तर एक जण यंत्राला कान लावून बसायचा आणि बाकीच्यांना सांगायचा काय चाललंय. यंत्र तेच. बोलणारा बदलला.

पण माझा अडलेला प्रश्न तिथेच आहे. बोलणारी आई आहे, लिहिणारी मी. माझ्या हातात लेखणी आली की ती गच्चीवरची भाषा बोलते.

सुरगाण्याचा_मास्तर

इथे उत्तर द्यायचं का नाही विचार करत होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. माझे काका आणि अर्धं गाव २०१८ च्या शेतकऱ्यांच्या नाशिक-मुंबई पायी मोर्चात होतं.

६ मार्चला नाशिकच्या सीबीएसपासून (मध्यवर्ती बसस्थानक) निघाले, १२ तारखेला आझाद मैदान. १८० किलोमीटरच्या आसपास. पहिले दिवस कुणी फार विचारलं नाही. ठाण्याच्या पुढे गेल्यावर कॅमेरे आले आणि सगळ्यांनी पाय दाखवले. फोड, फाटलेली चप्पल, रक्त. माझ्या काकांच्या पायाचाही फोटो कुणीतरी काढला, चेहऱ्याचा नाही. मग शेवटच्या रात्री दहावीच्या पोरांना परीक्षेला त्रास नको म्हणून सोमय्या मैदानावर रात्रीचा मुक्काम न करता सगळे रातोरात चालले. त्याचं तर केवढं कौतुक झालं. किती समजूतदार, किती शिस्त.

काका आजही म्हणतात, आम्ही चाललो कशाला ते कुणी विचारलंच नाही. मागणी मुख्यतः वनजमिनीची होती. वनहक्क कायदा २००६ चा. दावा दाखल करायचा, पुरावे द्यायचे, मग दावा फेटाळला जायचा, किंवा चार एकर कसत असताना कागदावर काही गुंठेच यायचे. हा गुंठ्यांचा भाग पायाच्या फोटोत मावत नाही. सरकारने लेखी आश्वासन दिलं, पाय घरी आले, कॅमेरे गेले. २०२३ च्या मार्चमध्ये त्याच मागण्या घेऊन दिंडोरीवरून परत निघावं लागलं, वाशिंदपर्यंत. तेव्हा पाय जुने झाले होते बहुतेक.

म्हणजे दया आणि कौतुक, दोन्हींत आम्ही बोलत नाही. कुणाला त्रास दिला नाही म्हणून कौतुक, फोड आले म्हणून दया.

तुमच्या भाषेच्या अडचणीबद्दल. फ्रेरे तुम्ही वाचलाय म्हणता. ब्राझीलच्या आंगिकोस गावात १९६३ साली त्याने आणि त्याच्या साथीदारांनी तीनशेएक मजुरांना चाळीस तासांत लिहावाचायला शिकवलं. धडा सुरू व्हायचा तो लोकांच्या हातातल्या वस्तूवरून. वीट घेतली तर वीट कोण पाडतं, घर कोणाचं होतं, इथपर्यंत गप्पा आणि मग अक्षरं. पुढच्या वर्षी लष्कराने सत्ता घेतली, त्याला तुरुंगात टाकलं, मग देशोधडीला. अक्षरं शिकवल्याबद्दल नाही टाकलं, गप्पांबद्दल.

मी चौथीच्या वर्गात हे करतो. पोरांना 'माझे गाव' निबंध लिहायला सांगितला की 'माझे गाव निसर्गरम्य आहे' असंच येतं, दरवर्षी, प्रत्येकाचं. मग मी विचारतो, उन्हाळ्यात पाणी कोण आणतं, किती खेपा, विहिरीवर आधी नंबर कुणाचा. तेच पोर दोन पानं लिहितं. तुमचं 'वस्तूकरण' म्हणजे 'निसर्गरम्य' आहे, राग नसावा. आईला बोलू द्या आणि तुम्ही प्रश्न विचारा.

माजी_तालुका_प्रतिनिधी

मास्तर, टाळी.

ताई, एक भर. आपल्या बाजूचा पेपर असला की सगळं छापून येतं असंही समजू नका. जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची सुरुवातीची काही प्रकरणं 'दीनबंधू'त आली आणि पुढची छापायला त्याच्या संपादकांनी, लोखंड्यांनी, नकार दिला. लोखंडे म्हणजे कुणी परके नव्हेत, सत्यशोधक, गिरणी कामगारांचे पुढारी. छापणाऱ्याला छापखाना चालवायचा असतो. म्हणून मी म्हणेन, मजकूर असा करा की फार कापता येऊ नये. प्रत्येक वाक्यात काहीतरी असं, की ते काढलं तर पुढचं कळणार नाही. पत्रव्यवहाराच्या सदरात दोनशे शब्दांच्या वर जागा नसते.

खरडछाटणी

काल रात्री आईशी फोनवर बोलले आणि मास्तरांनी सांगितलं तसे नुसते प्रश्न विचारत गेले. हे उतरलंय. शब्द बरेचसे तिचेच आहेत, मी ओळीने लावलेत.

'तुमच्या पेपरात माझा फोटो आला. त्यात मी खाली बघते आहे. तसं बघायला मला सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी मी खाली बघत नव्हते, पंचनामा बघत होते. नियम असा आहे की नुकसान ३३ टक्के झालं तर मदत. पण टक्का कशाचा, मण्यांचा की घडांचा, हे आम्हाला कुणी सांगत नाही. एका घडाचे पाच मणी फुटले तर कागदावर पाच मणी जातात आणि बाजारात सगळा घड जातो. आमच्याकडे घड मोजले म्हणून साठच्या पुढे आकडा आला. शेजारी मणी मोजले, तिथे तीस आला. दोन्ही बागांवर गार एकच पडली. मदत हेक्टरी साडेबावीस हजार आहे, ती पुरते की नाही हे नंतर बोलू. आधी सगळ्या बागांत एकच माप लावा, आणि ते माप पंचनाम्याच्या कागदावर वरती छापा. फोटोवाल्या दादांनी चहा घेतला नाही, गडबडीत होते. पुन्हा आले तर घ्यावा.'

शेवटची दोन वाक्यं काढू म्हटलं तर ती नाही म्हणाली.

गंगापूररोडवाला

शेवटची दोन अजिबात काढू नका. आणि मी हिशेबाबद्दल जे बोललो ते या हिशेबाला लागू नाही. 'मण्यांचा की घडांचा' हे मथळ्यात घ्या.

माजी_तालुका_प्रतिनिधी

चांगलं झालंय. दोन गोष्टी. साडेबावीस हजारांच्या वाक्यावर डेस्कवाला 'मदत तुटपुंजी' असा मथळा देऊन मोकळा होईल आणि मापाची मागणी खाली दाबली जाईल, ते वाक्य शेवटाकडे न्या. दुसरं, ३३ टक्क्यांची अट २०१५ मध्ये आली, त्याआधी ५० टक्के होती. एक ओळ घाला. आकडा वरून पडलेला नसतो, माणसं हलवतात तेव्हा हलतो, हे कृषी खात्यालाही आठवेल.

जेलरोडच्या_बाई

वाचलं. पत्र कुणाच्या नावाने पाठवणार? आणि एक विचारते, पंचनाम्यावर सही कुणाची आहे? सातबारा कुणाच्या नावे?

खरडछाटणी

पत्र आईच्याच नावाने. सातबारा वडिलांच्या नावे आहे, त्यामुळे पंचनाम्यावर सही त्यांची आणि पैसे येतील तेही त्यांच्याच खात्यावर. ते त्या दिवशी बागेत नव्हतेच, औषधाच्या दुकानात उधारीचं बोलायला पिंपळगावला गेले होते. संध्याकाळी तलाठ्याने घरी येऊन सही घेतली.

जेलरोडच्या_बाई

मग निम्मी गोष्ट तर अजून बाहेरच आहे, बाळा. घड मोजायला लावले तिने, आणि कागदावर ती कुठेच नाही. फोटोत आहे, तेवढीच.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं. शरद जोशींनी बोलावलेलं. मी तेव्हा नवीन नोकरीला लागलेली, दोघी-तिघी शिक्षिका बघायला म्हणून गेलो. ट्रॅक्टर, ट्रॉल्या भरभरून बायका, डोक्यावर भाकरीची गाठोडी, नजर पोहोचेल तिथपर्यंत. शेतीत राबणाऱ्या बाईच्या हातात शेतीतलं काय असतं, हा तिथला प्रश्न होता. पुढे त्यातूनच लक्ष्मीमुक्तीचं काम निघालं, नवऱ्याने आपण होऊन बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं. बऱ्याच गावांनी लावलंही. तुमच्या गावात काय झालं होतं ते आईला विचार. 'एकच माप लावा' याच्या जोडीला 'बागेत जो हजर असेल त्याचंही नाव पंचनाम्यावर लिहा' ही दुसरी मागणी घालता येईल का ते दोघी मिळून बघा. वडिलांशीही बोलून घ्या, त्यांना पेपरातून कळायला नको.

खरडछाटणी

आताच फोन लावला होता. आई तेव्हा लहान होती, पण मोठी आत्या चांदवडला गेली होती म्हणे, ट्रॉलीतून, आजोबांना न सांगता. आमच्या गावात त्या वेळी काही जणींची नावं लागली, आमच्या घरात नाही लागली. का नाही, ते आई फोनवर सांगेना, रविवारी ये म्हणाली.

पत्र थांबवते. गट या रविवारी गच्चीऐवजी आमच्या बागेत बसेल, आत्यालाही बोलावलंय. मास्तर, प्रश्नांची एखादी यादी असेल तुमची तर पाठवा. आणि माजी प्रतिनिधी काका, सातबारा आत आला तर दोनशे शब्दांत बसणार नाही. पत्राऐवजी लेख म्हणून कुठे देता येईल?